जुन्या टेपा सांभाळून मिक्सिंगचा पीसी कसा बदलायचा

माझा कोल्हापुरात लग्नाच्या व्हिडिओचा धंदा, शूटिंग आणि मिक्सिंग म्हणजे एडिटिंग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराचं पाणी उतरलं आणि पंधरा-वीस दिवसांनी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली एक जुनी पार्टी माझ्याकडं आली. लग्नाच्या डीव्हीडी पुरात गेलेल्या, अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली. "टेप हाय न्हवं तुमच्याकडं?" टेप होती. मिनी-डीव्ही, म्हणजे कॅमेऱ्यातली छोटी टेप, वर तारीख, जोडप्याची नावं, सगळं जागच्या जागी. कॅमेराही होता. नव्हतं ते फायरवायरचं सॉकेट, टेपेवरचं चित्र ज्या वायरनं पीसीत घ्यायचं तिचं. वर्षभरापूर्वी नवा पीसी घेतला तेव्हा जुना सीपीयू मी भंगारात घातला होता आणि नव्या मदरबोर्डाला फायरवायर नसतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तासाभराच्या एका टेपसाठी मी पुढचे तीन आठवडे कार्डं आणि केबली शोधत हिंडलो.

त्यामुळं आता या धंद्यात उतरणारं पोरगं "दादा, प्रोसेसर कुठला घेऊ?" म्हणून विचारायला आलं, की मी उलटा प्रश्न टाकतो: "तुझ्याकडं जुनं काय काय आहे?" वडिलांचा स्टुडिओ हातात आलेला असो किंवा कुणाचा बंद पडलेला सेटअप उचललेला असो, खरेदीची यादी या उत्तरातून निघते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे काम चातुर्मासात करा. तुळशीचं लग्न लागलं की सीझन चालू होतो, आणि सीझनमध्ये उघडलेला सीपीयू बंद करायलाही वेळ मिळत नाही.

आधी वही-पेन

दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ घालवून स्टुडिओतली प्रत्येक वस्तू वहीत उतरवा. वस्तूचं नाव लिहून भागत नाही. ती पीसीला कुठल्या वायरनं जोडली जाते, तेही समोर लिहायचं. सोनीचा पीडी-१७० किंवा पॅनासॉनिकचा एमडी-१०००० असेल तर फायरवायर. सोनीचा एचडी-१००० असेल तर टेप तीच मिनी-डीव्ही, पण त्यावर एचडीव्ही, म्हणजे टेपेवरचं एचडी रेकॉर्डिंग असू शकतं. वायर पुन्हा फायरवायरच. एमसी-२५०० असेल तर एसडी कार्ड, त्याची काळजीच नको. मग व्हीएचएस प्लेअर, जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई हार्ड डिस्क, डीव्हीडी रायटर, व्हीजीएचा मॉनिटर, मराठी टायपिंगचं लॉक (पोर्टात लावायचा तुकडा, तो नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही), कॅप्चर कार्ड. कपाटाच्या तळाशी पडलेल्या टेपाही मोजा.

मग वहीत तीन रकाने पाडा: थेट लागेल, मध्ये काहीतरी घालून लागेल, जुन्या मशीनवरच राहील.

नवी पोरं तिसरा रकाना रिकामा ठेवायला बघतात. सगळं एकाच नव्या पीसीला जोडायचं, हा हट्ट. मी तो हट्ट करून पैसे घालवलेत. तिसऱ्या रकान्यात दोन-चार वस्तू राहिल्या तर बिघडत नाही; जुन्या मशीनला काय काम द्यायचं ते पुढं येतंच.

बऱ्याच वस्तू मधल्या रकान्यात बसतात आणि स्वस्तात सुटतात. नव्या ग्राफिक कार्डाला व्हीजीए नसतो, पण एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावला की जुना मॉनिटर दुसरा पडदा म्हणून चालतो. नुसती केबल घेऊ नका, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. डीव्हीडी रायटर बसवायला नव्या कॅबिनेटला जागाच नसते, म्हणून तो यूएसबीचा घ्या. आयडीई डिस्कसाठी यूएसबी अ‍ॅडाप्टर मिळतो. त्यासोबत वेगळा पॉवर अ‍ॅडाप्टर हवाच, कारण मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून येत नाहीत. डिस्क लावल्यावर टक-टक असा आवाज आला तर लगेच काढा. पुन्हा पुन्हा लावून बघण्यानंच ती पुरती मरते.

साध्या पीसीआय स्लॉटची कॅप्चर कार्डं मात्र तिसऱ्या रकान्यात टाका. नव्या बोर्डांवर तो स्लॉट जवळपास राहिलेला नाही. पीसीआय एक्स्प्रेसमधून पीसीआय काढणारे अ‍ॅडाप्टर मिळतात, पण त्यावर जुनं कार्ड नीट चाललं तरी त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोज घेत नाही. तिथं गोष्ट संपली.

मशीन नेमकं कुठं अडतंय

"पीसी स्लो झालाय" या वाक्यावर दुकानदार काहीही विकू शकतो. आपण बघून जायचं. नेहमीचं एक लग्न टाइमलाइनवर घ्या, दोन-तीन कॅमेरे, कलर, एखादा इफेक्ट, आणि प्ले करून शेजारी टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर १०० वर टेकलाय? रॅम भरून डिस्क खरडतेय? की डिस्कच १०० टक्के दाखवतेय आणि बाकी सगळं निवांत बसलंय? विंडोज १० पासून त्याच ठिकाणी ग्राफिक कार्डाचा व्हिडिओ डीकोडचा आलेखही दिसतो, तोही बघा.

डिस्क अडत असेल तर फक्त आयडीईवर चालणारं फार जुनं मशीन सोडल्यास कुठल्याही जुन्या पीसीला साटाची (आयडीईनंतर आलेल्या बारीक वायरीची) एसएसडी बसते. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी देते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत. फरक नुसत्या आकड्याचा नाही. मल्टिकॅममध्ये डिस्कची सुई तीन फायलींमध्ये इकडून तिकडं पळत असते, एसएसडीला सुईच नाही. रॅम अडत असेल तर रॅम वाढवा, पण आधी बोर्ड डीडीआर ३ चा आहे की ४ चा ते बघा. खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

फक्त फोरकेच अडत असेल तर खिशात हात घालायच्या आधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकला, करून बघा. एडियस, प्रीमिअर, रिझॉल्व्ह, मिक्सिंगच्या या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. रात्री प्रॉक्सी लावून घरी जायचं, सकाळी लोण्यासारखी टाइमलाइन. माझ्या ओळखीच्या एका पोरानं याच्यावर दोन सीझन काढले आणि तेवढ्यात कॅमेऱ्याचे पैसे साठवले.

एवढं करूनही प्रोसेसरच कमी पडत असेल, तर बोर्ड बदलायची वेळ आली. त्यातही एक पळवाट आहे. एएमडीच्या रायझनचा एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल तर बऱ्याच वेळा बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. रॅम तीच, कॅबिनेट तेच. आपल्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरची प्रोसेसरची यादी आधी बघा, एवढंच.

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी

जुना विंडोज नव्या बोर्डावर ढकलायचा प्रयत्न करू नका. नव्या मशीनवर विंडोज कोरा टाका आणि जुनी सी ड्राइव्ह आहे तशी, डिस्कसकट, जुन्या मशीनमध्ये राहू द्या. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं इंटरनेटला लागणाऱ्या नव्या मशीनवर ११ च टाकावं लागणार. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची किंवा रायझनची २००० मालिकेपासूनची चिप लागते. सेकंडहँड बोर्ड घेताना हे विचारून घ्या.

जुन्या मशीनवरच्या सॉफ्टवेअरची लायसन्स सुटी करून घ्या. ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं, ते आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं. बोर्ड काढल्यावर आठवलं तर मग कस्टमर केअरला मेल करत बसायचं.

जुन्या मशीनमध्ये दोन डिस्क जोडून रेड-झिरो, म्हणजे दोन्हींवर डाटा वाटून एकच डिस्क, केलेलं असेल, तर त्या सुट्या काढण्याआधी सगळा डाटा तिसऱ्या डिस्कवर घ्या. एचडीच्या आधीच्या जमान्यात वेगासाठी अनेकांनी ते केलं होतं आणि नंतर विसरूनही गेले. दुसऱ्या बोर्डावर त्या डिस्क कोऱ्या दिसतात, विंडोज "फॉरमॅट करू का" विचारतं, आणि समोरचा माणूस हो म्हणतो.

प्रोजेक्ट हलवताना एक साधी युक्ती आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये क्लिपांचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. जुन्या मशीनवर डाटा ई ड्राइव्हवर होता, तर नव्यावरही त्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ईच अक्षर द्या आणि फोल्डरांची नावं बदलू नका. सगळ्या क्लिपा आपोआप सापडतात. हे माहीत नसल्यामुळं चारशे क्लिपा एकेक करून जोडणारी माणसं मी बघितलीत.

आणि एडियसचा जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडतो, पण नव्यात एकदा सेव्ह केलेला जुन्यात उघडत नाही. म्हणून आधी कॉपी करा, मग कॉपी उघडा. कॅनोपसच्या एचक्यू कोडेकमधल्या (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीतल्या) जुन्या एव्हीआय फायली असतील तर नव्या मशीनवर एडियस किंवा ग्रास व्हॅलीचं वेगळं कोडेक टाकावं लागतं, नाहीतर बहुतेक मिक्सिंग सॉफ्टवेअर त्या फायली ओळखतच नाही.

बोर्डावर काय बघायचं

राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात गेलात की दुकानदार प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डापासून सुरू करतो. तुम्ही बोर्डापासून सुरू करा. बोर्डाचा फोटो मोबाइलवर उघडा आणि स्लॉट मोजा.

एक मोठा स्लॉट ग्राफिक कार्डाला जातो. फायरवायर कार्डासाठी एक लहान पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट हवा. इथंच सगळे फसतात. लहान स्लॉट कागदावर असतो, पण आजची ग्राफिक कार्डं दोन-अडीच स्लॉट जाड असतात आणि तो लहान स्लॉट बरोबर त्यांच्या पंख्याखाली येतो. बोर्ड टेबलावर ठेवून, ग्राफिक कार्ड त्यावर धरून बघा, मगच पैसे द्या. दुकानदार हसतो. हसू दे.

दुसरा खड्डा साटाचा. बोर्डावर सहा साटा पोर्ट लिहिलेले असतात, पण अनेक बोर्डांवर एम डॉट टू स्लॉटमध्ये, म्हणजे वायरशिवाय थेट बोर्डावर, एसएसडी बसवली की त्यातले एक-दोन बंद पडतात. चार जुन्या डिस्क लावायच्या असतील तर मॅन्युअलमधलं ते बारीक अक्षरातलं टिपण वाचाच. "नवीन पीसीत माझी डिस्कच दिसंना" अशा तक्रारीत निम्म्या वेळा कारण हेच निघतं.

रॅमचा हिशेबही बोर्डावर ठरतो. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीचे बोर्ड डीडीआर ४ चेही मिळतात आणि ५ चेही. तुमच्याकडं चांगली डीडीआर ४ रॅम पडून असेल तर ४ चा बोर्ड घ्या. मिक्सिंगला त्यानं फारसं काही अडत नाही. रायझनच्या एएम५ ला मात्र डीडीआर ५ शिवाय पर्याय नाही. दर मी मुद्दाम लिहीत नाही. सकाळी विचारलेला भाव संध्याकाळी राहत नाही अशी सध्या बाजाराची तऱ्हा आहे.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, नवा घ्या. इथं जुनं सांभाळायचं नाही. दहा वर्षं चाललेला एसएमपीएस नव्या ग्राफिक कार्डाला लावणं म्हणजे जुन्या बैलाला ट्रॉली जुंपणं. कॅबिनेट चांगलं, हवेशीर असेल तर जुनंच चालतं, फक्त ग्राफिक कार्डाची लांबी मोजून घ्या.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

इंटेलच्या प्रोसेसरच्या आकड्याच्या शेवटी एफ असेल तर त्यात आतलं ग्राफिक नसतं. थोडा स्वस्त पडतो, आणि गेमवाल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. मिक्सिंगवाल्यानं तो घेऊ नये. आतल्या ग्राफिकमध्येच क्विक सिंक नावाची सोय असते, आणि कॅमेऱ्याच्या दाबलेल्या एच२६४, एच२६५ फायली सरळ टाइमलाइनवर पळवायचं बरंचसं काम तीच करते. एडियसवाल्यांना तर तिची जुनी सवय.

तुमच्याकडं सोनीचा नवा कॅमेरा असेल आणि तुम्ही १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, शूट करत असाल, तर हे जास्तच महत्त्वाचं. एच२६५ मधली ही फाइल एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या आधीची कार्डं हार्डवेअरवर डीकोड करत नाहीत. डेस्कटॉपवर इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनचं आतलं ग्राफिक करतं. म्हणजे महागडं ४० मालिकेतलं कार्ड घेऊनही टाइमलाइन अडखळते आणि शेजारच्या पोराचा साधा आय५ गुळगुळीत चालतो, हे जादूटोण्यामुळं नाही. ग्राफिक कार्ड लावल्यावर काही बोर्ड आतलं ग्राफिक बंद करून टाकतात. बायोसमध्ये जाऊन ते चालू ठेवायचं.

ग्राफिक कार्डावर किती खर्च करायचा हे सॉफ्टवेअरवर आहे. रिझॉल्व्हमध्ये कलर करणार असाल तर कार्ड आणि त्याची मेमरी, दोन्ही चांगलं घ्या. १२ जीबीचं कार्ड मिळालं तर ८ कडं बघू नका. एडियसवर ट्रॅडिशनल लग्नं कापणार असाल तर तेच पैसे प्रोसेसर आणि एसएसडीत घाला. नवं कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या पिढीच्या स्लॉटमध्येही चालतं, वेग थोडा कमी मिळतो इतकंच.

फायरवायर

यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

सगळ्यात आधी काय घेऊ नये ते. ऑनलाइन "यूएसबी टू फायरवायर" अशी शंभर-दोनशे रुपयांची केबल दिसते. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला चार पिनची फायरवायर. ती चालत नाही. आत कुठली चिप नसते, नुसत्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि या दोन पद्धती एकमेकींशी बोलूच शकत नाहीत. मी दोन विकत घेतल्या. दुसरी घेतली कारण पहिली खराब असेल असं वाटलं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या यूएसबीवरही भिस्त ठेवू नका. बहुतेक मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांत ती फोटोसाठी किंवा वेबकॅमसारख्या हलक्या चित्रासाठी दिलेली असते.

घ्यायचं ते पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची मिळाली तर उत्तम, व्हीआयएचीही बऱ्यापैकी चालतात. कोल्हापुरात नवं क्वचितच मिळतं. "आता कोण वापरतंय ते, दादा?" असं उत्तर मिळेल. ऑनलाइन मागवा किंवा पुण्याला कुणी जाणार असेल तर तपकीर गल्लीत विचारायला सांगा. मला मिळालेल्या कार्डाची पट्टी बुटक्या कॅबिनेटची निघाली. उद्यमनगरात एकानं जुन्या पत्र्यातून पूर्ण उंचीची पट्टी कापून, भोकं पाडून दहा मिनिटांत दिली. मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा आख्खा कॅमेरा घडवला, तिथं एक पट्टी म्हणजे काहीच नाही.

कार्ड बसवलं की विंडोज स्वतःचा ड्रायव्हर टाकतं आणि कॅमेरा कधी दिसतो, कधी नाही. विंडोज ८ पासून फायरवायरचा जुना लेगसी ड्रायव्हर सोबत येत नाही. मायक्रोसॉफ्टनं तो वेगळ्या डाउनलोडच्या रूपात दिला होता. तो टाकायचा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये १३९४ (फायरवायरचंच दुसरं नाव) होस्ट कंट्रोलरवर जाऊन ड्रायव्हर अपडेट करताना यादीतून "लेगसी" लिहिलेला निवडायचा. पीसी पुन्हा चालू करा. बहुतेकांचं गाडं इथंच अडकतं आणि इथंच सुटतं.

वायर लावण्याची पद्धत पाळा. पीसी बंद, कॅमेरा बंद, मग केबल लावायची, मग कॅमेरा व्हीसीआर मोडमध्ये चालू करायचा, मग पीसी. सहा पिनच्या पोर्टातून वीजही येते आणि चालू असताना तिरकी घुसलेली केबल कॅमेऱ्याचं पोर्ट जाळू शकते. या जुन्या कॅमेऱ्यांचे बोर्ड आता दुरुस्तीला मिळत नाहीत.

कॅप्चरला विनडीव्ही नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. एचडीव्ही टेपेला ते चालत नाही, तिथं एडियससारखं एचडीव्ही ओळखणारं काहीतरी लागतं. रिझॉल्व्हमधून फायरवायर कॅप्चर होत नाही, त्यामुळं तिथं पर्याय शोधत बसू नका. डीव्हीच्या एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवा, डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. एफएटी३२ वर चार जीबीला फाइल तुटते. टेप फिरत असताना त्या पीसीवर दुसरं काही उघडू नका. फ्रेम गळल्या तर बहुतेक वेळा दोष टेपचा नसतो, मागं चाललेल्या अँटिव्हायरसचा असतो.

टेपेचीही थोडी सेवा करावी लागते. आपल्याकडच्या पावसात कपाटात पडलेल्या टेपेला बुरशी धरते. खिडकीतून पांढरट ठिपके दिसले तर ती चांगल्या कॅमेऱ्यात घालू नका, हेड जाम होतात. बरी दिसणारी टेपही आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या. चित्राचे चौकोन पडत असतील तर क्लीनिंग टेप काही सेकंद चालवा, जास्त नको. एलपी मोडमध्ये, म्हणजे तासाच्या टेपेवर हळू वेगानं नव्वद मिनिटं, रेकॉर्ड केलेली टेप बऱ्याचदा ज्या कॅमेऱ्यानं शूट केली त्यातच नीट वाजते. म्हणून टेपेवर कॅमेऱ्याचं नावही लिहिणारी जुनी माणसं शहाणी होती.

व्हीएचएससाठी वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही. अनेक मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांना बाहेरून चित्र आत घेता येतं. व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर कॅमेऱ्यात, कॅमेऱ्याची फायरवायर पीसीत. कॅनोपसचा एडीव्हीसी डबा हेच काम करतो. मॅकवाल्यांसाठी एकच ओळ: २०२५ च्या टाहो आवृत्तीतून अ‍ॅपलनं फायरवायर काढून टाकलंय, तेव्हा टेपा संपेपर्यंत अपडेटचं बटण दाबू नका.

मराठी टायटलचा गुंता

हार्डवेअर जोडून झालं, आनंदानं २०११ चा एखादा प्रोजेक्ट उघडला, आणि "शुभविवाह"च्या जागी इंग्रजी अक्षरं, चिन्हं, स्वल्पविराम यांची भेळ दिसली. घाबरू नका. ते टायटल श्रीलिपी किंवा आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं आहे, युनिकोड ही सगळीकडं चालणारी पद्धत रुळायच्या आधीच्या. आत साठवलेली अक्षरं खरोखरच इंग्रजी जागांवरची असतात. फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. फॉन्ट गेला की कपडे गेले.

जुनं मशीन चालू असतानाच त्यातल्या फॉन्ट फोल्डरमधले मराठी फॉन्ट कॉपी करून ठेवा. विकत घेतलेल्या संचाचे असतील तर ते नव्या मशीनवर टाकल्यावर जुनं टायटल जसंच्या तसं दिसतं. पण नवं टाइप करायला त्या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड लागतो आणि त्याचं लॉक लागतं. यूएसबीचं लॉक असेल तर नव्या ड्रायव्हरवर बहुधा चालतं. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टाचं लॉक असेल तर ते तिसऱ्या रकान्यात.

सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे जी टायटलं पुन्हा पुन्हा लागतात, ती जुन्या मशीनवरूनच पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्रात काढून ठेवणं. गणपती, वरातीची पट्टी, "आमच्या येथे श्रीकृपेकरून", सगळं. चित्राला फॉन्ट लागत नाही.

पुढची कामं युनिकोडमध्येच करा. प्रीमिअरमध्ये युनिकोड मराठी टाकलं आणि वेलांटी पळाली, जोडाक्षरं फुटली, असं झालं तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" करा आणि नवं टायटल घ्या. एवढ्या एका खुणेअभावी कितीतरी जण अजून फोटोशॉपमध्ये टायटल करून आणतात.

जुनं मशीन भंगारात घालू नका

मी घातलं होतं, म्हणून सांगतो. टेपा उतरवायला दुसरा जुना पीसी, माझं टेप मशीन, मी नंतर मुद्दाम विकत आणला. इंटेलची तिसरी-चौथी पिढी, डीडीआर ३, विंडोज ७, आणि बोर्डावर पीसीआय स्लॉट असलेलं मशीन यासाठी सोन्यासारखं. विंडोज ७ मध्ये फायरवायरचा लेगसी ड्रायव्हर जागेवरच असतो, जुनी कार्डं चालतात, जुनं लॉक चालतं. तुमच्याकडं असं एखादं असेल तर नव्या मशीनवरच्या फायरवायर कार्डाची आणि लहान स्लॉटची आख्खी झटापटच वाचते.

त्याची चार कामं करून घ्या. पुसून धूळ काढा, प्रोसेसरची वाळलेली पेस्ट बदला, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदला, आणि कपॅसिटर फुगलेत का बघा. सी ड्राइव्हची एक इमेज काढून दोन ठिकाणी ठेवा. इंटरनेट त्याला अजिबात देऊ नका.

नव्या मशीनशी ते लॅनच्या वायरनं जोडा, मध्ये स्विच असला तरी चालेल, पण बाहेरचं नेट नको. दोन्हीकडं गिगाबिट पोर्ट असेल तर सेकंदाला शंभरएक एमबी मिळतात आणि एका टेपेची फाइल दोन-अडीच मिनिटांत पलीकडं जाते. जुन्याचं पोर्ट १०० मेगाबिटचं असेल तर त्याच फाइलीला वीस मिनिटं लागतात, चहा प्या. एक्सपी असलेलं मशीन मात्र नव्या विंडोजला शेअरिंगमध्ये दिसत नाही, कारण त्याची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेसाठी बंद ठेवलीय. ती चालू करत बसू नका. डाटा सरळ यूएसबी डिस्कवर घेऊन उचलून न्या.

लाइट, अर्थिंग, पाणी

जुन्या पीसीचा ६०० व्हीएचा यूपीएस नव्या ग्राफिक कार्डाच्या मशीनला पुरत नाही. शिवाय नव्या एसएमपीएसपैकी काहींना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही. लाइट गेली की यूपीएस चालू आणि पीसी बंद. शुद्ध साइन वेव्हचा घ्या. अर्थिंग तपासून घ्या, कारण कॅमेरा आणि पीसी वायरनं जोडताना हाताला झिणझिण्या आल्या तर त्याच झिणझिण्या पोर्टालाही जातात.

नदीकडच्या पेठांत स्टुडिओ असेल तर डिस्क आणि टेपा खालच्या खणात ठेवू नका. २०१९ ला झालं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा झालं. उतरवलेल्या टेपांची एक डिस्क उंचावरच्या भागातल्या पाहुण्यांकडं ठेवा.

पहिली ऑर्डर

सगळं जोडून झाल्यावर लगेच लग्न घेऊ नका. आधी एक टेप, एक कार्ड, एक आयडीई डिस्क आणि एक जुना प्रोजेक्ट, चारही तपासा. जुनी पाल (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची) टेप आणि नवं एचडी एकाच टाइमलाइनवर घेताना फील्डचा क्रम बघा. इंटरलेस चित्रात प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये वाटलेली असते. डीव्हीत खालची फील्ड आधी असते, एचडीच्या इंटरलेस फायलीत वरची. सॉफ्टवेअरनं चुकीचं धरलं तर हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दात येतात आणि पार्टी म्हणते, "हे असं लाटा आल्यागत का दिसतंय?" क्लिपच्या प्रॉपर्टीत जाऊन फील्ड हातानं दुरुस्त करायची.

मग एखादं बारसं किंवा वास्तुशांत पूर्ण कापा, रेंडर काढा, पेन ड्राइव्हवर द्या, पार्टीच्या टीव्हीवर चालतंय का ते फोन करून विचारा. तोवर जुन्या मशीनला हात लावायचा नाही. माझ्या टेप मशीनवर मी खडूनं लिहून ठेवलंय, "फॉरमॅट करू नये", कारण मागच्या पावसाळ्यात भाच्यानं त्यावर गेम टाकायला घेतला होता.